तिकिटाचे पैसे कुठून आणलेस?

मिरज

चि. पिंट्यास,


फोनवर तू ‘हो आत्या, हो आत्या’ करून मला गुंडाळतोस, म्हणून लिहायला बसले. परवा कुपवाडला लग्नात तुझ्या त्या दाढीवाल्या मित्राची आई पंगतीत शेजारी होती. जिलबी मोडता मोडता म्हणाली, “तुमचा भाचा जपानला चाललाय ना खेळायला? मोबाईलवरून कर्ज काढलंय म्हणे तिकिटासाठी.” मी हसून वेळ मारून नेली, पण पुढचं जेवण गेलं नाही.

दादाला अजून काही बोललेले नाही. वहिनीला तर नाहीच. आधी तू सांग, खरं आहे का? किती काढलंस, कुठल्या ॲपवरून, हप्ता किती? या ॲपवाल्यांचे वसुलीवाले फोनमधल्या सगळ्या नंबरांना फोन लावतात. आमच्या वॉर्डातल्या एका पोरीच्या बापाला रात्री अकराला असा फोन आला होता. दादाचं ब्लडप्रेशर तुला माहीत आहे.

तुझ्या स्ट्रीट फायटरच्या खेळाबद्दल माझी तक्रार नाही. पूर्वी होती, खोटं कशाला बोलू. तू रमीसारखं पैसे लावून काहीतरी करतोस असं वाटायचं. मग तुझ्या ताईनं फरक समजावला. 2025च्या ऑगस्टमध्ये संसदेत कायदा झाला, त्यातही पैशांच्या खेळांवर बंदी आणि ई-स्पोर्टला वेगळी मान्यता, असं पेपरात आलं होतं. ते कात्रण दादासाठी कापून ठेवलंय. तुझं वकीलपत्र मीच घेतलंय, तेव्हा निदान वकिलापासून तरी काही लपवू नकोस.

ताईला शेजारी बसवून मी तुझ्या खेळाचे व्हिडिओसुद्धा पाहिले. 2004च्या इव्हो स्पर्धेतला तो कॅलिफोर्नियातला सामना, डायगो उमेहारा आणि जस्टिन वाँगचा. डायगोच्या केन नावाच्या गड्यात जीव म्हणावा असा उरलेलाच नाही आणि समोरून वाँगच्या चुन-लीच्या लाथांचा सपाटा. नुसतं अडवलं तरी मेलाच असता, ताई सांगत होती. प्रत्येक लाथेला नेमक्या क्षणी पुढे दाबायचं, तरच ती फुकट जाते. पंधराच्या पंधरा फुकट घालवल्या त्यानं आणि उलटून समोरच्याला लोळवलं. मी एवढ्यांदा ओरडले की वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या.

पण त्याच्या पुढचं ताईनं सांगितलं ते माझ्या जास्त मनाला लागलं. ती स्पर्धा डायगो जिंकलाच नाही. अंतिम सामन्यात दुसऱ्या जपानी खेळाडूकडून हरला. पुढे खेळच सोडला, काही वर्षं माहजाँगमध्ये घालवली आणि मग वृद्धांच्या सेवाकेंद्रात नोकरी धरली. म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, बसवायचं, भरवायचं. माझी अख्खी नोकरी त्याच कामात गेली, म्हणून हा माणूस मला आपला वाटला. नंतर स्ट्रीट फायटर 4 आला आणि गडी परत मशीनपाशी गेला. 2009 आणि 2010ची इव्हो जिंकली, 2010मध्येच एका कंपनीनं करार केला. लाथा अडवून जगभर गाजला तेव्हा तेवीसचा होता, तुझ्याहून एका वर्षानं मोठा. खरी भाकरी मिळायला लागली त्याच्या पुढे सहा वर्षांनी.

आणि 2023मध्ये हांगझोच्या आशियाई खेळांत स्ट्रीट फायटरचं सुवर्णपदक कोणी घेतलं? कोरियाच्या किम ग्वान-वूनं, वय 44! आपल्याकडचेही दोघं उतरले होते त्यात. त्या वयात मी खो-खोच्या पाटीवर बसले असते तर दोघींनी धरून उठवावं लागलं असतं. तुझ्या खेळाला एवढी घाई नाही रे. मग हप्त्यावरचं तिकीट कशाला?

तू चाललायस त्या इव्हो जपानला निवड लागत नाही, नाव नोंदवून पैसे भरले की कुणालाही उतरता येतं, हे मला आता कळलंय. दोन लढती हरल्या की बाहेर, हेही कळलंय. एक लढत म्हणजे तीनपैकी दोन डाव, आणि त्यातली फेरी फार तर 99 सेकंदांची. सकाळी खुर्चीवर बसलास आणि गटात एखादा मुरलेला जपानी खेळाडू आला, तर दुपारच्या जेवणाआधी तू मोकळा. हरलास तर हरलास, त्याचं मला काही नाही. पण परतीच्या विमानात तुझ्या डोक्यात काय असेल? सामन्यात कुठे चुकलो हे आठवायच्या ऐवजी पाच तारखेचा हप्ता आठवत बसशील. दहा लाख डॉलरचं मला सांगू नकोस. कॅपकॉम कपला तेवढे मिळतात खरे, 2024ला तैवानच्या खेळाडूला मिळाले, 2025ला जपानच्या काकेरूला. वर्षाला एक माणूस.

तू लाहोरच्या अर्सलान ॲशचं उदाहरण देशील. टेकन या दुसऱ्या खेळातला असला तरी तुझा देव तो. 2019मध्ये व्हिसाचे हेलपाटे घालून, थकूनभागून फुकुओकाला पोचला आणि इव्हो जपान जिंकून गेला, त्याच वर्षी लास वेगासचीही. पण तो मुळात घडला कुठे? लाहोरच्या आर्केडमध्ये, खांद्याला खांदा लावून बसलेल्या पोरांमध्ये. कोरियाचा ‘नी’ नावाचा खेळाडू, एवढा नावाजलेला, मुद्दाम पाकिस्तानात गेला आणि तिथल्या कुणाला माहीत नसलेल्या पोरांनीही त्याला हरवलं. तुझ्याकडे ती पोरं आहेत का? कोथरूडच्या खोलीत तू एकटा, हेडफोन लावून, रात्री तीनपर्यंत. तुझ्या त्या सरावाच्या लॅबमधला बाहुला उलट फटका देत नाही. मला विचारशील तर पुण्यातली पाच-सहा पोरं गोळा कर, दर रविवारी एका खोलीत बसा, एकमेकांना रडवा. त्याला व्याज पडत नाही.

जपानचा टोकिडो टोकियो विद्यापीठात शिकला आणि मग 2017ची इव्हो जिंकला, हे तूच दादाला ऐकवलं होतंस. तुझे राहिलेले दोन विषय कधी सुटणार, हे मात्र ऐकवलं नाहीस. असो.

कर्ज म्हटलं की माझे हातपाय गार पडतात, त्याला कारण आहे. ओढ्याकाठचं रान कसं गेलं ते तू ऐकून आहेस. विहिरीसाठी तुझ्या आजोबांनी, आप्पांनी, उचल घेतली, पाणी लागलं नाही, हप्ते थकत गेले आणि दोन पावसाळ्यांत रान दुसऱ्याच्या नावावर. त्यानंतर आप्पांनी कुणाकडून पाच रुपयेही उसने घेतले नाहीत. अकरावीत असताना माझं नाव राज्याच्या खो-खो शिबिरात आलं. प्रवास, बूट, राहणं, सगळं मिळून घरात नव्हते एवढे पैसे लागणार होते. बाई म्हणाल्या, मी उसने देते, सवडीनं फेडा. आप्पा म्हणाले, “उसन्यावर पळायचं नाही.” विषय संपला. मी नर्सिंगला गेले, चांगलंच झालं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्या शिबिरात मी कितीवेळ टिकले असते, खांबाला वळसा घालून कितीजणींना चकवलं असतं, हे आजही ड्यूटीवरून उशिरा परतणाऱ्या पोरींच्या चपलांचा आवाज आला की मनात येतं. आप्पांवरचा राग ते गेले तरी पुरता गेला नाही. आणि आज हे पत्र लिहिताना बघते, तर तुला मी त्यांचंच वाक्य ऐकवतेय.

म्हणून आता नीट ऐक. कर्जाचा आकडा मला कळव, खरा कळव, उगाच निम्मा नको. बँकेत माझी एक ठेव आहे, ती मोडते आणि ॲपवाल्याचं तोंड आधी बंद करू. हे उसने नाहीत. वहीत लिहून ठेवशील आणि पहिल्या बक्षिसातून परत आणून देशील तर बघ. दादाला मी माझ्या पद्धतीनं सांगेन, कात्रणासकट.

उजव्या अंगठ्याच्या बुडाशी दुखतं असं ताईकडे बोललास म्हणे. मला का नाही सांगितलंस? अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकव, कळ आली तर खेळ थोडे दिवस बंद आणि सरळ इकडे ये. मी ओळखीच्या डॉक्टरांना दाखवते. न दुखता जिंकता येत असेल तर दुखवून कशाला हरायचं? शनिवारी रेल्वेनं आलास तर स्टेशनवर न्यायला येईन. भाकरी, झुणका आणि तुझी ती दह्यातली मिरची करून ठेवते.

आणि जपानला जायचंच ठरलं तर जा. तिकडचा प्लग दोन सपाट पायांचा असतो, ॲडॉप्टर इथूनच घे. शेंगदाण्याची चटणी सामानात टाकीन, पहिल्या दिवशी तिकडचं काही घशाखाली उतरलं नाही तर उपयोगी पडेल. त्यांचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे तुझी सकाळची लढत इथे पहाटे लागेल. उठेन मी. लढत कुठे दिसते ते ताईला लिहून दे. आणि तुझा गडी डाव्या बाजूला असतो की उजव्या, तेवढं आधी सांगून ठेव, नाहीतर मी भलत्याच्याच नावानं ओरडत बसेन.

तुझी,
आत्या