तिरोडीचा टकाचोर, अंदमानचा टकाचोर

या खेपेच्या टपालात अंदमानच अंदमान आहे. हिवाळ्याच्या सुट्टीची तिकिटं बहुधा सगळ्यांनी एकदमच काढलेली दिसतात. सारख्या शंका एकत्र घेतल्या आहेत आणि पत्रं थोडी आखडली आहेत.

शंका : तिरोडीच्या मँगनीज खाणीत माझी सगळी नोकरी झाली. आता मुलगा तिथंच आहे. त्याच्या एलटीसीवर जानेवारीत आम्ही सहा जण अंदमानला चाललो, सहा रात्री. मला पाखरांचा नाद आहे, पण पुस्तकी ज्ञान नाही. बावनथडीच्या काठी जे दिसतं तेवढंच ओळखतो. पोरगा म्हणून राहिला की बाबा, तिथं समुद्र पाहा, पक्षी काय इथंही आहेत. तिथले पक्षी मला ओळखू येतील का? कुठं जावं, काय पाहावं?
(एक वाचक, तिरोडी)

समाधान : मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. पक्षी तिरोडीतही आहेत, आणि म्हणूनच अंदमानचे तुम्हाला मुंबई-पुण्याच्या पर्यटकापेक्षा लवकर ओळखू येतील.

तुमच्याकडचा टकाचोर घ्या. तांबूस अंग, काळपट डोकं, लांब शेपटी, आणि आवाज कधी गोड, कधी गंजलेल्या बिजागरीसारखा. अंदमानच्या रानातही टकाचोर आहे. आकाराने लहान, राखी-तपकिरी, आणि डोळा सोनेरी पिवळा. तो डोळा एकदा दुर्बिणीत आला की माणूस बाकीचा पक्षी पाहायचं विसरतो. तुमचा टकाचोर अंगणात येतो, पत्र्यावर बसतो. तिथला दाट झाडीतच राहतो आणि बहुतेक वेळा कोतवालांच्या संगतीने फिरतो. म्हणून तिथं कोतवाल दिसला की पुढे जाऊ नका, दहा मिनिटं थांबा. कोतवालही वेगळा आहे. तुमचा तारेवर नाहीतर म्हशीच्या पाठीवर बसणारा. अंदमानी कोतवाल रानातला, त्याच्या शेपटीची टोकं बाहेर वळलेली.

भारद्वाजाचं तर विचारूच नका. आपला भारद्वाज काळाभोर, पंख विटकरी. अंदमानातला बदामी अंगाचा, जणू आपलाच भारद्वाज उन्हात वाळत घातला आणि रंग विटला. घुमणं मात्र ओळखीचं. पहिल्या खेपेला मी तो आवाज ऐकून मोठ्या ऐटीत सोबत्यांना म्हणालो, ‘हा आपला भारद्वाज.’ झुडपातून बाहेर आला तो हा विटलेला. वहीत लिहिलेलं नाव खोडावं लागलं. सुतार पक्षी तिथं दोनच जातींचे. त्यातला मोठा अंगभर काळा, डोक्यावर लालभडक तुरा. तुमच्याकडच्या सोनेरी पाठीच्या सुताराशेजारी तो शोककाळातला पाहुणा वाटेल. शामा इथं तांबड्या पोटाचा, तिथं पांढऱ्या पोटाचा.

असं का होतं, तेही सांगतो, नाहीतर ही नुसती यादी होईल. अंदमानची बेटं म्हणजे म्यानमारमधल्या आराकान पर्वतरांगेची समुद्रात बुडत गेलेली शेपटी. तिथं पोचलेल्या पक्ष्यांच्या पिढ्या हजारो वर्षं पाण्याने वेढलेल्या जागेत आपापसांतच वाढल्या. त्यामुळे जगात फक्त अंदमानातच सापडणाऱ्या डझनाहून जास्त जाती आज तिथं आहेत. १८७३ साली ए. ओ. ह्यूम (काँग्रेसच्या स्थापनेतले तेच) पक्ष्यांसाठी मुद्दाम या बेटांवर गेले होते आणि पुढच्या वर्षी ‘स्ट्रे फेदर्स’ या आपल्या नियतकालिकात त्यांनी तो सारा वृत्तांत छापला. मराठी माणसाला अंदमान म्हटलं की सेल्युलर जेल आठवतं. ते पाहायलाच हवं. पण त्याच गावाच्या तारांवर पांढऱ्या डोक्याची साळुंकी बसते, तिच्याकडे कुणी मान वर करून पाहत नाही.

आता वेळेचं. ही गोष्ट प्रवासाची कंपनी तुम्हाला सांगणार नाही. तिरोडी साधारण ७९.७ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून सरकारी नाव श्री विजयपुरम) ९२.७ अंशांवर. तेरा अंशांचा फरक. अंशाला चार मिनिटं धरली तर बावन्न मिनिटं झाली. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. म्हणून जानेवारीत तिथं सहाच्या आधीच सूर्य वर येतो आणि साडेपाचला अंधारू लागतं. हॉटेलातला नाश्ता साडेसात-आठला असतो. तोवर पक्ष्यांचा गलबला संपून गेलेला असतो. आदल्या रात्रीच पोळी-भाजी किंवा ब्रेड-अंडी बांधून मागा आणि पहाटे पाचला निघा. खाणीच्या पहिल्या पाळीला उठायची सवय असलेल्या माणसाला हे जड जाऊ नये.

जागा थोड्याच सांगतो. चिडिया टापू नावाने टापू असला तरी तो दक्षिण अंदमानचा टोकाचा भाग आहे, शहरापासून सुमारे २५ किलोमीटर. लोक तिथं सूर्यास्ताला जातात. तुम्ही सूर्योदयाला जा. संध्याकाळीही थांबलात तर घुबडांचे आवाज ऐकायला मिळतील, पण तोवर बायकोमुलं कंटाळलेली असतात, हेही अनुभवाचं. दुसरं, चॅथमच्या धक्क्यावरून फेरीबोटीने बांबूफ्लॅटला उतरून माउंट हॅरिएट. त्याचं नाव २०२१ पासून माउंट मणिपूर. वर जाणारा रस्ता रानातून जातो, त्यामुळे गाडी मधेच सोडून दोन किलोमीटर चालत उतरलात तर एकाच सकाळी टकाचोर, कोतवाल, शामा आणि नशीब असेल तर अंदमानी सर्पगरुड एवढे भेटतील. तुमच्या बावनथडीकडच्या सर्पगरुडापेक्षा हा काळसर असतो.

तिसरी जागा सिप्पीघाट, आणि इथं तुमच्यासारख्या धानाच्या मुलुखातल्या माणसाने थोडं थांबावं. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खचली आणि सिप्पीघाटच्या धानाच्या बांध्यांत समुद्राचं पाणी शिरलं. ते परत गेलंच नाही. शेतकऱ्यांची शेती गेली; त्या जागी उथळ दलदल झाली आणि बगळे, चिखल्या, तुतवार तिथं उतरू लागले. डोळ्याभोवती पांढरं कडं असलेलं अंदमानी बदक शोधायला पक्षिनिरीक्षक तिथं जातात. मी पाण्याकडे पाहत उभा होतो आणि पाण्यातून वर आलेले बांधांचे उंचवटे दिसत होते. बालाघाट-भंडाऱ्याच्या माणसाला ते बांध कसले, हे सांगावं लागणार नाही.

स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप (जुनी नावं हॅवलॉक आणि नील) तुमच्या सहलीत असतीलच. बोटीवर आत एसीत बसू नका, बाहेर उभं राहायची परवानगी असेल तर उभे राहा. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड किनाऱ्याजवळ हमखास दिसतो. ओहोटीला खडकावर करड्या रंगाचा बगळा दिसला तर तो आजारी बगळा नव्हे. समुद्रबगळा करडाही असतो आणि पांढराही.

शंका : मी सातवीत आहे. वरचं पत्र माझ्या आजोबांनी लिहिलं आहे. माझी शंका वेगळी आहे. आमच्या अंगणातल्या साळुंक्या, मोर, गिधाडं अंदमानातही आहेत का? नसतील तर उडून का जात नाहीत? पक्ष्यांना तर पंख असतात.

समाधान : बाळ, तुझ्या शंकेला मी पहिला नंबर देतो, आजोबांना सांगू नकोस.

साळुंकी आहे, पण ती उडून गेलेली नाही. इंग्रजांनी १८५८ मध्ये तिथं कैद्यांची वसाहत केली आणि नंतर माणसांबरोबर साळुंकीही नेली. मोर आणि चितळ तुला रॉस बेटावर (आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) दिसतील. तेही माणसांनीच नेऊन सोडलेले. म्हणून तिथं मोर दिसला तर खूश हो, पण वहीत त्याच्यापुढे ‘पाहुणा’ असं लिही.

गिधाडाचं उत्तर हवेत आहे. दुपारी बावनथडीच्या वाळूवर किंवा खाणीच्या उघड्या जमिनीवर हवा तापून वर चढते. गिधाड त्या चढत्या हवेवर पंख न हलवता गिरक्या घेत उंच जातं आणि मग घसरत पुढे सरकतं. समुद्रावर हवा तशी तापत नाही. तिथं गिधाडाला पंख मारत जावं लागेल, आणि शेकडो किलोमीटर पंख मारणं त्याच्या जड अंगाला झेपत नाही. समुद्र म्हणजे चाळणी आहे असं समज. काही जाती पलीकडे पडतात, बाकीच्या वरच राहतात.

तू एक काम कर. जायच्या आधी आठवडाभर रोज सकाळी पंधरा मिनिटं अंगणात बसून दिसेल तो पक्षी लिही. तिथं पोचल्यावर तेवढाच वेळ हॉटेलच्या गच्चीवर बस. दोन्ही याद्या मला पाठव.

शंका : दुर्बीण घ्यायची आहे. दुकानदार १२ × ५० घ्या म्हणतो, लांबचं दिसतं.
(तुमसर)

समाधान : घेऊ नका. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा आणि दुसरा समोरच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. बारा पटीत तुमच्या हाताची थरथरही बारा पट होते. बोटीवर तर पक्षी नाचताना दिसेल. ८ × ४२ पुरे. रात्री दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद ठेवा, कारण तिथल्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरते. खारे तुषार उडाले तर गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या मऊ कापडाने टिपा. कोरड्या कापडाने पुसू नका, मिठाचे कण ओरखडे काढतात.

शंका : अंदमानात पक्ष्याच्या घरट्याचं सूप मिळतं असं ऐकलं. खरं काय?
(गोंदिया)

समाधान : हे सूप ज्या पाकोळीच्या घरट्याचं करतात, तिचं घरटं तिच्या लाळेचं असतं. लाळ वाळून पांढरट वाटी होते. चीन आणि आग्नेय आशियातल्या बाजारात तिला सोन्याचा भाव आला आणि त्या पायी अंदमान-निकोबारच्या गुहा ओरबाडल्या गेल्या. पिल्लांसकट घरटी काढली जात. सालिम अली पक्षिविज्ञान केंद्राचे रवी शंकरन यांनी १९९९ पासून उत्तर अंदमानातल्या गुहांपाशी उलटी वाट धरली. घरटी काढणाऱ्यांनाच त्यांनी राखणदार केलं आणि पिल्लं उडाल्यावरच रिकामी घरटी काढायची, असा मार्ग सुचवला. शंकरन २००९ मध्ये गेले. त्यांचं हे काम मला वाघाच्या कुठल्याही कहाणीपेक्षा मोठं वाटतं, पण पाकोळीचा फोटो कॅलेंडरवर येत नाही.

तुम्ही सूप शोधू नका. ही पाकोळी काळोख्या गुहेत टिकटिक आवाज करून वाट काढते, आणि तो आवाज माणसालाही ऐकू येतो.

शंका : नारकोंडमचा धनेश पाहायचा आहे. बोट कुठून मिळते?
(नागपूर)

समाधान : पर्यटकाला मिळत नाही. जेमतेम सात चौरस किलोमीटरचं ते ज्वालामुखी बेट अभयारण्य आहे आणि हा धनेश जगात तेवढ्याच तुकड्यावर आहे. पाहायची इच्छा समजतो. माझीही आहे, आणि ती तशीच राहणार आहे.

शंका : मागच्या वर्षी गाईडने फोनवर घुबडाचा आवाज वाजवून घुबड समोर आणलं. फोटो झकास आला. बायको म्हणते, हे बरोबर नाही. बारातांगच्या वाटेवर त्याने जारवा आदिवासींचे फोटो काढायची खूणही केली.
(भंडारा)

समाधान : दोन्ही बाबतीत वहिनींचं बरोबर आहे.

आवाज वाजवला की घुबडाला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो शिकार सोडून, कधी अंड्यांवरून उठून भांडायला येतो. जानेवारीत रोज तीन गाड्या त्याच झाडाखाली थांबतात, आणि रोज रात्री तिन्ही वेळा तो न दिसणाऱ्या शत्रूशी लढतो. गाईडला आधीच सांगा की आवाज वाजवला नाहीस तरी बक्षिसी तेवढीच मिळेल. बहुतेक जण ऐकतात. मोबाईल वाजवण्याचा कंटाळा त्यांनाही आलेला असतो.

जारवांचे फोटो काढणं हा गुन्हा आहे. त्यांच्या राखीव क्षेत्राला १९५६ च्या नियमांचं संरक्षण आहे. त्या रस्त्याने गाड्यांचा ताफा जातो आणि मधे थांबता येत नाही. बारातांगजवळ पोपटांचं बेट आहे, संध्याकाळी हजारो पोपट तिथं उतरतात, पण ते पाहायचं तर मुक्काम तिथेच करावा लागतो, कारण परतीचा ताफा दुपारीच सुटतो. एवढी सवड नसेल तर तो रस्ता धरू नका. चिडिया टापूची एक सकाळ वाढवा.

शंका : अंदमानची एवढी वाखाणणी, आणि आमच्या बालाघाटाकडे कोण येतं?
(वारासिवनी)

समाधान : मी येतो. महाराष्ट्रात सारस उरले ते गोंदिया-भंडाऱ्याकडे, आणि वैनगंगा-बाघच्या पलीकडे तुमच्या जिल्ह्यातही त्यांची घरटी आहेत. माणसाच्या उंचीचा हा पक्षी धानाच्या बांधीत अंडी घालतो, आणि ती शाबूत राहतात ती शेतकऱ्याच्या मर्जीवर. गोंदियातली ‘सेवा’ ही संस्था आणि दोन्हीकडचे वनकर्मचारी मिळून दर जूनमध्ये सारसांची गणना करतात. पहाटे पाचच्या आत ठरल्या जागी पोचायचं, जोडी उठेपर्यंत बोलायचं नाही. यंदा स्वयंसेवक म्हणून नाव द्या. तिरोडीच्या त्या आजोबांनाही सोबत घ्या. तोवर ते बेटांवरून परत आलेले असतील.