समोरचाही विकायलाच आलेला

‘चौकशी न करता मुंबईच्या त्या परिषदेचे पैसे भरलेच कसे?’ हे मला मुरगुडात इतक्या जणांनी विचारलंय, की आधी तेवढंच सांगून टाकते. चौकशी केली होती, तीही ईमेलवर. खरेदीदार कोण येणार, असं आयोजकांना सरळ विचारलं होतं. उत्तर आलं, ‘साखर कारखाने, ॲग्री-इनपुट कंपन्या, निर्यातदार. प्रत्येकाशी तुमची वन-टू-वन मीटिंग आधीच ठरलेली असेल.’ लेखी उत्तरच खोटं निघालं तर त्यात माझं काय चुकलं, हे विचारणाऱ्यांनीच सांगावं.

आमचं जिवाणू खतांचं युनिट छोटं. लिक्विड ॲझोटोबॅक्टर, पीएसबी, ॲसिटोबॅक्टर. गिऱ्हाईक म्हणजे वेदगंगेकाठचा ऊसवाला आणि आसपासची कृषी सेवा केंद्रं. २०२१ मध्ये बायोस्टिम्युलंट खत नियंत्रण आदेशाखाली आले आणि तेव्हापासून अशा परिषदांना ऊत आलाय. नावात ‘लाइफ सायन्स’ घातलं की औषध, लस, डायग्नोस्टिक किट आणि आमची बाटली, सगळं एकाच मांडवाखाली बसतं. पत्रकात ‘रेग्युलेटरी मास्टरक्लास’ दिसला की नियमांनी धास्तावलेले आमच्यासारखे लोक फी भरतात. अठरा हजार, वर जीएसटी, म्हणजे २१,२४० रुपये. निपाणीहून रात्रीची गाडी आणि मुंबईतला मुक्काम वेगळा.

हॉटेल झकास होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

मास्टरक्लासला पत्रकातले निवृत्त अधिकारी आलेच नाहीत. ‘अपरिहार्य कारण’. त्यांच्या जागी एक सल्लागार गॅझेटमधली कलमं वाचून दाखवत होते. ते गॅझेट कुणालाही फुकट उतरवून घेता येतं. दर चार स्लाइडनंतर त्यांचा मोबाइल नंबर. आणि वाचलं तेही धड नाही. लिक्विडसाठी त्यांनी पावडरचा आकडा सांगितला, ५ × १०⁷. पावडरला ग्रॅममागे तेवढे जिवाणू लागतात, लिक्विडला मिलिलिटरमागे १ × १०⁸, म्हणजे दुप्पट. मी उभी राहून सांगितलं तर म्हणाले, ‘मॅडम, दॅट इज अ मायनर डिटेल.’ ज्या आकड्यावर नमुना नापास होतो तो मायनर!

पण खरी गंमत दुपारी. हॉलमध्ये नंबर लावलेली टेबलं, ठरावीक वेळाने घंटा, घंटा वाजली की पुढच्या टेबलावर जायचं. माझ्यासमोर संगमनेरकडचे एक दादा बसले. मी माहितीपत्रक पुढे केलं, त्याच वेळी त्यांनीही त्यांचं पुढे केलं. मी पिशवीतून बाटली काढली, त्यांनीही काढली. त्यांचीही ॲझोटोबॅक्टरच, लेबल तेवढं हिरवं. ‘ताई, महिन्याला साधारण किती लिटर लागेल तुम्हाला?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘मला कशाला लागेल? घेणार तुम्ही ना?’ दोघांनी आपापला मीटिंगचा कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवला. माझ्या कागदावर त्यांच्या नावापुढे ‘बायर’. त्यांच्या कागदावर माझ्या नावापुढे ‘बायर’. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आपला कागद बघितला, त्यांच्या पलीकडच्यांनी त्यांचा. पुढची घंटा वाजली तरी कुणी उठलं नाही.

आयोजकांचा ब्लेझरमधला पोरगा धावत आला. वीस-बावीस वर्षांचा असेल. कागद त्याच्या हातात दिला तर तो हसून म्हणाला, ‘मॅडम, तुम्हीसुद्धा कुणाच्या तरी बायर असू शकता ना?’ हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. वर ‘नेटवर्किंग ही लाँग टर्म प्रोसेस असते’ हा उपदेश. आणि संध्याकाळच्या ‘एक्सलन्स अवॉर्ड’चं पॅकेज घेणार का, हेही त्याच दमात. पैसे भरले की पुरस्कार, न भरणाऱ्यांनी टाळ्या वाजवायच्या.

आता अशा परिषदांना जाणाऱ्यांसाठी. पत्रकातल्या वक्त्यांपैकी दोघांना तरी त्यांच्या संस्थेच्या नंबरवर फोन करा. आयोजकांनी दिलेल्या नंबरवर नको. ‘तुम्ही येताय का’ एवढंच विचारायचं. हैदराबादच्या ओमिक्स या परिषदा भरवणाऱ्या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये दावा लावला. त्यात, नावाजलेले शास्त्रज्ञ येणार अशी त्यांच्या होकाराशिवायच परिषदांची जाहिरात केल्याचा आरोप होता. २०१९ मध्ये कोर्टाने पाच कोटी डॉलरच्या वर रक्कम भरायला सांगितली. तेव्हा छापील नावाला भुलू नका.

गेल्या वर्षीच्या स्टॉलवाल्यांची यादी मागा आणि त्यातल्या लहान कंपन्यांना फोन लावा. मोठ्यांना विचारून उपयोग नाही, त्यांचं बजेट ठरलेलं असतं. ‘यंदा परत जाताय का?’ या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं. बिलावर आयोजक कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर काय आहे ते पैसे भरायच्या आधी विचारा. परिषदेचं नाव एक आणि कंपनीचं दुसरंच असतं. जीएसटी पोर्टलवर तो नंबर टाकला की नोंदणी कधीची आहे ते दिसतं. ‘बारावं वर्ष’ म्हणून मिरवणाऱ्यांची नोंदणी कालपरवाची निघाली तर समजून जा. तुमच्या फर्मचा जीएसटी नंबर बिलावर घालून घ्या. फोनवर जे जे कबूल होईल ते लगेच ईमेलवर लिहून पाठवा. पैसे शक्यतो क्रेडिट कार्डाने भरा, बँकेकडे वाद तरी मांडता येतो. मला त्यांनी एनईएफटीच करायला लावलं होतं. बाकी व्हिजिटिंग कार्डं जवळ ठेवा, वेळेवर पोचा वगैरे तुम्हाला माहीतच आहे.

आणखी एक. टेबलावर फोटो काढू देऊ नका. पैसे परत मागणाऱ्या माझ्या नोटिशीला आयोजकांच्या वकिलाने उत्तर दिलंय की मीटिंग झाल्या, सबब सेवा पुरवली गेली. सोबत पुरावा म्हणून मी आणि संगमनेरचे दादा बाटल्या घेऊन हसतोय तो फोटो. कागद शेजारी ठेवण्याच्या मिनिटभर आधीचा.

सगळेच कार्यक्रम असे नसतात. शिकायचंच असेल तर मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, गाझियाबादचं राष्ट्रीय सेंद्रिय व नैसर्गिक शेती केंद्र आहे. त्याचं प्रादेशिक केंद्र नागपूरला आहे. संशोधक भेटायला हवे असतील तर १९३८ पासूनच्या असोसिएशन ऑफ मायक्रोबायॉलॉजिस्ट्स ऑफ इंडियाची वार्षिक परिषद बघा. हैदराबादचं बायोएशियाही आहे, पण तिथं औषधं आणि लसीवाल्यांचा बोलबाला, आमच्या बाटलीला कोण विचारतो! डीलर मिळायचा तर मोशीचं किसान प्रदर्शन, नाहीतर आपल्या कोल्हापूरचं भीमा कृषी प्रदर्शन. तिथं निदान समोर शेतकरी उभा असतो आणि तो घासाघीस करतो. सूक्ष्म-लघु उद्योगांना मान्यताप्राप्त प्रदर्शनांत स्टॉलच्या भाड्याचा काही भाग केंद्राच्या एमएसएमई योजनेतून परत मिळतो. हे मला कुठल्याच ‘मास्टरक्लास’मध्ये कुणी सांगितलं नाही.

फसलाच असाल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद करा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात फी नाही. समोरचा वकील ‘ही सेवा व्यापारासाठी घेतली, तुम्ही ग्राहकच नाही’ असा मुद्दा काढणार हे धरून चाला आणि अर्ज लिहिण्याआधीच आपल्या वकिलाशी त्यावर बोला, नंतर नको. अर्ज ऑनलाइन भरता येतो. त्यासाठी कोल्हापूरला खेटे घालावे लागत नाहीत, निदान भरण्यापुरते तरी.