पेठ पुन्हां वसवावी कशी ?

वादसभेसाठीं विषय निवडतांना विद्यार्थी बहुधा दूरदूरचे विषय शोधतात. यंत्रें हितकर कीं अहितकर, खेडें बरें कीं शहर, असल्या विषयांवर बोलणें सोपें असतें. कारण त्यांचा निकाल कोणालाच लावावयाचा नसतो. आपल्या पायांखालचा एक विषय मात्र राहून जातो. पुणें शहर चोहों दिशांनीं वाढत आहे. पण ज्या पेठांपासून त्याची वाढ झाली, त्यांतील जुनीं घरें रिकामीं होत आहेत, आणि जीं भरलेलीं दिसतात त्यांतील कित्येकांत संसाराच्या जागीं कोठारें व कचेऱ्या आल्या आहेत. हा गांवभाग पुन्हां नांदता कसा करावा ? उत्तरासाठीं या लेखांत शनिवार पेठ ही एकच पेठ घेतली आहे. सगळ्या शहरावर एकदम बोलूं गेल्यास वाद हवेंत उडतो. एका पेठेवर बोलल्यास भिंती मोजतां येतात.

पेठ ‘वसते’ असें आपण म्हणतों खरें, पण पुण्यांतील पेठा बहुतांशीं वसविलेल्या आहेत, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. शनिवार पेठेचें जुनें नांव मुर्झाबाद. तिच्या कडेला पहिल्या बाजीरावांनीं शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला. वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजीं झाली, आणि त्या कामास १६,११० रुपये खर्च आल्याची नोंद आहे. दरबार आला म्हणजे कारकून, सराफ, वैद्य, शिंपी, हलवाई असा सारा परिवार मागोमाग येतोच. परंतु केवळ दरबाराच्या ओढीनें माणसें टिकत नाहींत. नवी पेठ बसवितांना त्या काळीं व्यापाऱ्यांना कौल देत : कांहीं वर्षें कर माफ किंवा हलका, पुढें हळूहळू चढता. शेट्ये-महाजन नेमून बाजाराची व्यवस्था त्यांजकडे सोंपवीत. आणि सन १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावाचें पाणी जमिनीखालून शहरांतील हौदांपर्यंत आणलें. दरबार, सवलत व पाणी या तिहींच्या जोरावर पेठा भरल्या. ‘शहरें आपोआप वाढतात, आपोआप मोडतात, त्यांत ढवळाढवळ करूं नये’ असें कोणी वादसभेंत म्हणाल्यास त्याला ही हकीकत सांगावी.

पहिली ओस पडण्याची पाळी आली ती राज्य गेल्यावर. १७ नोव्हेंबर १८१७ रोजीं शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. त्या सुमारास शहराची वस्ती अजमासें १,१०,००० धरीत. सन १८५१ मध्यें ती सुमारें ७३,००० वर उतरली होती. तीन माणसांपैकीं एक माणूस कमी झालें, असा याचा अर्थ. दरम्यान १८२८ सालीं वाड्याचा आंतला भागही आगींत गेला. तरी पेठ मेली नाहीं. सरदारांच्या रिकाम्या वाड्यांत नवे उद्योग शिरले, आणि त्यांतला मोठा उद्योग शिक्षणाचा होता. फर्ग्युसन कॉलेज २ जानेवारी १८८५ रोजीं उघडलें तें शनिवार पेठेंतील गद्रे वाड्यांत. दहा वर्षांनीं, सन १८९५ मध्यें, तें चतुःशृंगीच्या बाजूच्या मोकळ्या माळावर गेलें. ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या वक्त्यांना उपयोगी आहे. एक म्हणेल, जुन्या वाड्यांतच नव्या संस्था जन्मतात. दुसरा म्हणेल, त्या मोठ्या झाल्या कीं जागेअभावीं बाहेर जातात. दोघेही खरेंच बोलतात.

शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणांत पूर्वीं भाजीबाजार भरत असे. त्यासाठीं शुक्रवार पेठेंत पक्की इमारत बांधावी असा विचार नगरपालिकेंत निघाला, तेव्हां सभासद जोतीराव फुले यांनीं त्यास विरोध केला. मंडईवर लागणारा पैसा शिक्षणाकडे लावावा, असें त्यांचें म्हणणें. त्यांचें मत मागें पडलें, सन १८८६ मध्यें मंडई उघडली, आणि पुढें त्याच इमारतीस महात्मा फुले यांचें नांव देण्यांत आलें. वादांत हरलेल्या पक्षाचें नांव जिंकलेल्या पक्षाच्या इमारतीवर लागावें, असा योग क्वचितच येतो ! प्रश्न मात्र जुना झालेला नाहीं. शहर सुधारण्यासाठीं हातीं पैसा आला तर तो आधीं इमारतीवर खर्चावा कीं माणसांवर ?

दुसरी पाळी पाण्यानें आणली. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचें गेलें, आणि मुठा नदी कांठच्या पेठांत शिरली. शनिवार पेठेची ओंकारेश्वराकडील बाजू नदीला लागूनच आहे. जुन्या वाड्यांच्या भिंती खालीं दगडाच्या असल्या तरी वर विटा व पांढरी माती. पाण्यांत भिजलेली अशी भिंत उभी राहत नाहीं. घर गेलेल्या अनेक कुटुंबांना गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींत जागा मिळाल्या, व तीं तेथेंच रमलीं.

पण पुरापेक्षांही सावकाश व अधिक काम केलें तें भाड्याच्या गणितानें. महायुद्धाच्या काळांत जागांची टंचाई पडली, म्हणून सन १९४७ च्या कायद्यानें भाडीं सामान्यतः सप्टेंबर १९४० च्या पातळीस बांधून टाकलीं. गरीब भाडेकरूस रस्त्यावर काढूं नये हा हेतु चांगला होता, व त्यानें हजारों संसार वांचविले, हें नाकारूं नये. परंतु महागाई वाढत गेली आणि भाडें तेथेंच राहिलें. छपराची कौलें फिरविण्यास जितका खर्च येई तितकें सगळ्या वाड्याचें वर्षाचें भाडें जमेना. मालक दुरुस्ती करीना, भाडेकरू जागा सोडीना. नवा भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, पण तोपर्यंत दोन पिढ्या गेल्या होत्या. मुंबई बेटावर जुन्या चाळींसाठीं सन १९६९ च्या कायद्यानें दुरुस्ती मंडळ स्थापन झालें ; रहिवाशांकडून उपकर घ्यावा व त्यांतून इमारती सांवराव्या, अशी ती योजना. पुण्याच्या वाड्यांच्या वांट्याला तसलें मंडळ आलें नाहीं.

मग वाडा पाडून नवा कां बांधीत नाहींत ? विद्यार्थ्यांनीं येथें पाटी-पेन्सिल घ्यावी. समजा, एक वाडा तीस फूट रुंद व साठ फूट खोल, म्हणजे १,८०० चौरस फूट जागेवर उभा आहे. त्यांत बारा बिऱ्हाडें, प्रत्येकास २०० चौरस फूट. समजा, नियमाप्रमाणें जागेच्या दीडपट बांधकाम करतां येतें. म्हणजे २,७०० चौरस फूट. बारा बिऱ्हाडांना त्यांची जागा परत दिली कीं २,४०० संपले. उरलेल्या ३०० चौरस फुटांत मालकानें राहावें, कीं तें विकून सगळ्या इमारतीचा खर्च भागवावा ? त्यांतच रस्तारुंदीकरणासाठीं पुढची पट्टी सोडावयाची असेल, तर हें गणित मांडावयासही नको. कोणी दुष्ट नसतांही वाडा पडका राहतो, तो असा. सहा वाडे एकत्र करून बांधल्यास जिना, अंगण व वाहनांची जागा सामाईक होते आणि हिशेब जमूं लागतो. पण सहा मालक व सत्तर बिऱ्हाडें एका कागदावर सह्या करतील तेव्हां.

शनिवारवाड्याशेजारच्या घरांना आणखी एक अडचण आहे. वाडा हें केंद्र सरकारचें संरक्षित स्मारक. सन २०१० च्या दुरुस्तीनें असा नियम झाला कीं संरक्षित स्मारकाच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंत नवें बांधकाम करूं नये, व त्यापुढील २०० मीटरांत परवानगीनेंच करावें. स्मारकाला टॉवरांनीं वेढूं नये हें कोणासही पटेल. परंतु ज्याचें घर कलतें झालें आहे त्याला दुरुस्ती करावयाची तरी परवानगी काढावी लागते, आणि पाडून बांधावयाचें तर वाटच बंद. राजवाड्याचें रक्षण करणाऱ्या नियमानें शेजारच्या लहान वाड्याचा जीव जावा, हें मला न्याय्य वाटत नाहीं. जुन्या घराच्याच उंचीचें, जुन्याच जागेवर घर बांधूं देण्यानें स्मारकाची शोभा उणी होणार नाहीं.

आतां उपायांकडे वळूं. एक पक्ष म्हणतो, रस्ते रुंद करा म्हणजे व्यापार येईल. केळकर रस्त्यावर संध्याकाळीं उभें राहून पाहावें : वाहनें येतात आणि जातात, थांबत कोणी नाहीं. रस्ता रुंद झाल्यानें जाणारे वाढतील, राहणारे नव्हे. दुसरा पक्ष म्हणतो, सारी पेठ जुन्या काळाप्रमाणें सजवून प्रवाशांना दाखवा. हें ऐकावयास गोड आहे, पण प्रवासी सायंकाळीं परत जातो, आणि सजविलेल्या घरांत राहणारा भाड्यानें हाकलला जातो. तिसरा पक्ष पायीं चालणाऱ्यांचा. कोपनहेगन शहरानें सन १९६२ मध्यें आपला मुख्य बाजाररस्ता वाहनांना बंद केला, तेव्हां दुकानदार घाबरले होते. तो रस्ता आजही गजबजलेला आहे. आपल्याकडेही लक्ष्मी रस्त्याचा कांहीं भाग सन २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचाऱ्यांसाठीं मोकळा करण्याचा उपक्रम झाला. आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो कसबा पेठ व मंडई येथें थांबते, तेव्हां गाडी घेऊन गांवांत येण्याचें कारण पूर्वीइतकें उरलेलें नाहीं. हा तिसरा पक्ष मला पहिल्या दोघांहून बरा वाटतो. पण एकट्यानें तोही अपुरा आहे.

अहमदाबादेचा जुना गांवभाग सन २०१७ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत गेला. तेथें जुनें घर जपणाऱ्या मालकास न वापरलेला बांधकामहक्क इतरत्र विकतां येतो. म्हणजे घर न पाडल्याबद्दल त्याला पैसा मिळतो व त्या पैशानें दुरुस्ती होते. वर मांडलेल्या गणितांत कमी पडलेली रक्कम याच वाटेनें भरून निघण्यासारखी आहे.

पवित्र शास्त्रांत नहेम्याची गोष्ट आपण वाचतों. त्यानें यरुशलेमेचा तट बावन्न दिवसांत उभा केला. तरी शहर विस्तीर्ण, माणसें थोडीं आणि घरें बांधलेलीं नाहींत, अशीच स्थिति होती. तेव्हां लोकांनीं चिठ्ठ्या टाकून दहांतून एकास शहरांत राहावयास आणलें, व जे आपखुषीनें आले त्यांना आशीर्वाद दिला. तट बांधून झाला तरी काम अर्धेंच होतें, हें त्या लोकांना समजलें होतें. आपल्या पेठेंत चिठ्ठ्या टाकतां येणार नाहींत. पण जुना कौल नव्या रूपानें देतां येईल. पडका वाडा राहण्यासाठीं दुरुस्त करील त्याला कांहीं वर्षें घरपट्टींत सूट द्यावी. आज पेठेंत नवीं माणसें येतात तीं मुख्यतः स्पर्धा-परीक्षांचे विद्यार्थी. खाट भाड्यानें घेतात, खानावळींत जेवतात, अभ्यासिकेंत रात्र काढतात, आणि पास झाले कीं निघून जातात. त्यांच्यामुळें दिवे जळतात, पण शाळेच्या पटावर नांव चढत नाहीं. पाळणा हलणारें घर परत आलें पाहिजे.

या विषयावर बोलूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनीं आधीं एक काम करावें. वडील माणसास बरोबर घेऊन मेहुणपुऱ्यांतील एखाद्या गल्लींत रात्रीं आठच्या सुमारास जावें. घरें किती, दिवे लागलेले मजले किती, कुलुपें किती, दुकानांच्या वरच्या मजल्यावर माणसें राहतात कीं माल, हें वहींत टिपावें. मग आपल्या आजीआजोबांस विचारावें कीं त्या पेठेंत तुमचे कोण होते, कधीं गेले, आणि पुरानें गेले, भाड्यानें गेले, कीं मुलाच्या नोकरीनें. पालकांनींही या प्रश्नांचीं उत्तरें मोकळेपणानें द्यावीं. वही भरली म्हणजे कोणत्या बाजूनें बोलावें तें ठरवावें.