लिलीवर करपा नाही, अळी आहे

आषाढाचे चार सडाके झाले की नगर, राहुरी, श्रीरामपूरकडून एकच तक्रार येते: नागदवण्यावर, स्पायडर लिलीवर करपा आलाय, कोणतं बुरशीनाशक मारू?

कोणतंच नको. आधी पान उलटा. हिरवा गर खरवडलेला, उन्हात धरलं तर पान आरपार दिसतं आणि बेचक्यात काळी लेंडी साठलेली. हे काम पॉलिटेला ग्लोरिओसी या पतंगाच्या अळीचं. खऱ्या बुरशीचे तांबडे पट्टे पानावर नि दांड्यावर उठतात, लेंडी मात्र सापडत नाही. अकोले तालुक्याच्या डोंगरात कळलावी नि गडांबी कांदा हे या अळीचं रानातलं खाद्य. बागेत आपण तेच रांगेनं मांडून ठेवलंय.

मादी पानामागे अंड्यांचा पुंजका घालते. पिल्लं घोळक्यानं खातात, तेव्हा एक पान तोडलं तरी काम भागतं. ते सोडून लोक अळी बोटाएवढी, काळी, पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांची होईस्तोवर थांबतात आणि मग राख, ताक, डिटर्जंट, मीठ! मिठानं चोपण जमीन आणखी चोपण होईल, अळीला काही होणार नाही. फोरेटच्या वापरावर 2020 अखेरपासून बंदी आहे, तरी कोपऱ्यातला जुना पुडा अंगणात रिकामा करणारे भेटतात. तिथं पोरं खेळतात, शेळ्या फिरतात, एवढंही सुचत नाही?

पाथर्डीकडच्या एका शाळेत कुंपणालगतची सगळी लिली विळ्यानं छाटली आणि पाला वाफ्याच्याच कडेला टाकला. आठवड्यात कोवळ्या फुटव्यावर अळ्या हजर. पाला खोल पुरायला हवा होता. जनावरांपुढेही टाकू नका, या कुळातली पानं नि कांदे विषारी असतात.

सकाळी हातमोजे घालून अळ्या वेचा, साबणाच्या पाण्यात टाका. उघडीप बघून संध्याकाळी 5 टक्के निंबोळी अर्क फवारा, किंवा बीटी पावडर लिटरला 2 ग्रॅम. बीटी लहान अळीवरच चालते. पान मेणचट, थेंब घरंगळतो, म्हणून स्टिकर हवाच. आठवड्यानं पुन्हा फवारा. आणि सगळे टाळतात ते काम: बुडाची दोन-तीन इंच माती खुरप्यानं हलवून तपकिरी कोष वेचा. ते राहिले तर पुढची पिढी तयारच.

पानं संपली की अळी मानेतून खाली उतरते. कांदा दाबून बघा. टणक असेल तर उकरू नका, तो पुन्हा फुटतो. मऊ पडून वास मारत असेल तर काढा, पांढरा गर लागेपर्यंत सडका भाग कापा, सावलीत सुकवून दुसऱ्या जागी लावा. शेजाऱ्याकडून पिल्लू-कांदा आणलात तर माती झटकून, धुऊन मगच लावा. कोष त्याच मातीतून घरी येतो.