फ्लश गळतोय? जुना व्हॉल्व्ह हातात घेऊनच दुकानात जा

रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या माणसाला घरातले बारीक आवाज फार कळतात. आमच्याकडे कुंभवलीत निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी तारापूर एमआयडीसीत पाळीवर जातं, त्यामुळे दुपारच्या शांततेत झोप लागता लागता संडासातून येणारं ते ‘सुर्रर्र’ अनेकांच्या ओळखीचं असेल. आत कोणी गेलेलं नसतं, फ्लश कोणी दाबलेला नसतो, तरी दहा-बारा मिनिटांनी टाकी आपली आपण भरून घेते. म्हणजे तेवढं पाणी खालून निघून गेलेलं असतं.

मी पहिले चार महिने त्याकडे काणाडोळा केला. मग एकदा हिशेब मांडला. दोन मिनिटांत एक फुलपात्र, म्हणजे २०० मिली पाणी गळत असेल, तर दिवसाला १४४ लिटर होतं. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे. म्हणजे माझा कमोड अडीच माणसांचं पाणी एकटा पीत होता. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी आठवड्याला एकदा त्याच्याच पोटात जात होती आणि ती पुन्हा भरायचं मोटरचं बिल मी भरत होतो.

बिघाड नेमका कुठे आहे, हे आधी शोधा. फ्लशच्या टाकीत दोनच गोष्टी बिघडतात. पाणी आत सोडणारा बॉलकॉक, नाहीतर पाणी खाली सोडणारा फ्लश व्हॉल्व्ह. अनेकजण घाईघाईत एक बदलतात आणि गळत असतो दुसरा. ओळखायला पेन्सिल पुरते. टाकी पूर्ण भरू द्या, झाकण काढा, पाण्याच्या पातळीवर आतून पेन्सिलीची रेघ मारा. मग भिंतीतला अँगल कॉक बंद करा आणि अर्धा-पाऊण तास फ्लश वापरू नका. पाणी रेघेच्या खाली गेलं तर फ्लश व्हॉल्व्ह गळतोय. पाणी रेघेवरच आहे, पण अँगल कॉक उघडल्यावर मधल्या उभ्या नळीच्या तोंडातून ते आत सांडतंय, तर दोष बॉलकॉकचा. मग पुढचं सगळं वाचायची गरज नाही.

खात्री हवी असेल तर टाकीत जिलेबीचा रंग चिमूटभर टाका. अर्ध्या तासाने भांड्यात रंग उतरलेला दिसला की चोर सापडला. हळद वापरू नका. ती विरघळत नाही, तळाशी बसते आणि उगाच गोंधळ करते.

आता झाकण. चिनी मातीच्या टाकीवर बटण बहुतेक वेळा झाकणातूनच बसवलेलं असतं, म्हणून झाकण झटक्याने उचलायचं नाही. आधी बटणाची रिंग डावीकडे फिरवून सोडवा. काढलेलं झाकण कमोडच्या सीटवर ठेवू नका. बाहेर नेऊन गादीवर ठेवा. तसं झाकण सुटं मिळणं किती अवघड आहे, हे फुटल्यावर कळतं.

आत मधोमध उभा असलेला प्लास्टिकचा मनोरा म्हणजे फ्लश व्हॉल्व्ह. दोन बटणांच्या फ्लशमध्ये तो दोन भागांत असतो. टाकीच्या बुडाला नटाने आवळलेली बैठक, आणि तिच्यावर अडकवलेला मनोरा. या मनोऱ्याच्या तळाला एक पातळ रबरी किंवा सिलिकॉनची चकती असते. झिजते ती ही. आमच्या किनारपट्टीला बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारट आणि जड. त्यातला क्षार चकतीच्या कडेवर पांढरा साठत जातो, मग ती बैठकीवर सपाट बसत नाही. त्यात कोणी टाकीत वासाच्या, क्लोरीनवाल्या गोळ्या सोडत असेल तर रबर आणखी लवकर कडक होतं. त्या गोळ्यांवर पैसे घालवून आपण आपलाच व्हॉल्व्ह खराब करतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून टाकी उतरवण्याआधी हे करून बघा. अँगल कॉक बंद, फ्लश दाबून टाकी रिकामी. मनोरा दोन्ही हातांनी धरून डावीकडे पाव वळसा फिरवा, तो ‘खट्’ करून सुटतो आणि सरळ वर निघतो. चकती काढून बोटांत वाकवून बघा. नवी चकती लोण्यासारखी वाकते. जुनी वाकवली की तिच्यावर केसासारख्या चिरा उघडतात, किंवा कडेला बैठकीचा गोल वळ कायमचा उमटलेला दिसतो. माझ्या चकतीवर हा वळ नखाने चाचपता येईल इतका खोल गेला होता, आणि एका जागी तांदळाच्या कणीएवढा क्षाराचा खडा रुतला होता. एवढीच कणी रोज लाखो थेंब सोडत होती. चकती धड असेल, नुसता क्षार असेल, तर व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवा, मऊ फडक्याने पुसा. बैठकीची कडही त्याच फडक्याने पुसा. सँडपेपर अजिबात लावू नका. कडेवर एक ओरखडा पडला की नवी चकतीसुद्धा गळेल.

संडास साफ करायचं अॅसिड टाकीत ओतणारे महाभाग मी पाहिलेत. त्याने रबर जातं, बोल्ट खाल्ले जातात. आणि अॅसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो. बंद संडासात हा प्रकार जिवावर बेततो. एमआयडीसीत काम केलेल्या माणसाला क्लोरीन म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

चकती चिरली असेल तर नवी आणायची, आणि इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. बोईसरच्या बाजारात दुकानांत चकत्यांचे आणि व्हॉल्व्हचे पाच-सहा प्रकार टांगलेले असतात आणि लांबून सगळे सारखेच दिसतात. मी पहिल्या खेपेला नुसता कंपनीचं नाव सांगत उभा राहिलो. दुकानदार म्हणाला, “काका, जुना आणलाय का?” नव्हता आणला. “मग घेऊन या, नाहीतर दोनदा याल.” मी ऐकलं नाही, अंदाजाने घेतला आणि दोनदाच गेलो. तेव्हा चकती असो वा अख्खा मनोरा, जुना पिशवीत घालून न्या. अख्खा व्हॉल्व्ह घ्यायचा असेल तर तीन मापं लिहून घ्या: टाकीच्या बुडाच्या भोकाचा व्यास (बहुतेक दोन इंची, काही टाक्यांना तीन इंची), बुडापासून झाकणापर्यंतची आतली उंची, आणि झाकणातल्या बटणाच्या भोकाचा व्यास. टाकीच्या आतला फोटोही मोबाइलवर काढून ठेवा. नवीन घेताना टाकी-भांड्यामधला जाड स्पंज वॉशर आणि दोन बोल्टांचे रबर वॉशर त्याच वेळी मागून घ्या.

बैठकच चिरली असेल, किंवा जुन्या व्हॉल्व्हची चकती सुटी मिळत नसेल, तर मात्र टाकी उतरवावी लागते. यासाठी पान्हा, मोठी पकड, स्पंज, बादली, जुनं गोणपाट आणि हाताशी एक माणूस लागतो. अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी केली तरी तळाशी दोन बोटं पाणी राहतं. ते स्पंजने टिपून बादलीत पिळा, नाहीतर टाकी उचलताना ते थेट तुमच्या पायांवर येतं. कनेक्शन पाइपचा नट सोडा. टाकीखालचे दोन बोल्ट सोडा. ते गंजलेले असतील तर जोर लावून पिळू नका. थोडं तेल सोडून चहा पिऊन या. नटापाशी पान्हा घसरला तर चिनी माती तिथेच चिरते.

मग दोघांनी टाकी दोन्ही बाजूंनी धरून सरळ वर उचलायची. माझ्या लेकाने निम्म्या वाटेत “बाबा, सोडू का?” असं विचारलं होतं. आधीच ठरवून घ्या की कोणीही, काहीही झालं तरी सोडायचं नाही. टाकी गोणपाटावर आडवी ठेवा. बुडाचा काळा स्पंज वॉशर ओढून काढा, त्याखालचा मोठा प्लास्टिक नट डावीकडे फिरवून सोडा आणि जुना व्हॉल्व्ह आतून बाहेर घ्या. भोकाभोवतीची जागा आतून-बाहेरून पुसून कोरडी करा. जुन्या रबराचा काळा चिकट थर राहिला तर नवं रबर धरत नाही. या पुसण्याला मी सगळ्यात जास्त वेळ देतो.

नव्या व्हॉल्व्हचा रबर वॉशर टाकीच्या आतल्या बाजूला येतो. व्हॉल्व्ह भोकातून घाला, ओसंडणारं पाणी वाहून नेणारी उभी नळी बॉलकॉकला घासणार नाही अशी फिरवून घ्या आणि खालून नट लावा. हाताने घट्ट होईल तिथपर्यंत, वर पकडीने पाव वळसा. बस. इथे टेफ्लॉन टेप लावायची नाही, एम-सील तर नाहीच. रबर दाबलं गेलं की काम होतं. एम-सील लावून आज गळती थांबेल, पण पुढच्या वेळी टाकी फोडूनच काढावी लागेल. नटावर नवा स्पंज वॉशर चढवा, टाकी अलगद भांड्यावर बसवा. बोल्ट एकदा डावा, एकदा उजवा असे थोडे थोडे आवळत जा. टाकी डुगडुगायची थांबली की थांबा. “अजून थोडं” म्हणून मारलेला शेवटचा वळसा टाकीला तडा देतो.

कनेक्शन पाइप जोडताना त्याचा आतला रबर वॉशर जागेवर आहे ना बघा. अँगल कॉक अर्धाच उघडा. टाकी भरू द्या, पाणी उभ्या नळीच्या तोंडाच्या साधारण एक इंच खाली थांबलं पाहिजे. नाही थांबलं तर बॉलकॉकचा स्क्रू फिरवून पातळी खाली घ्या. खाली जमिनीवर वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरा, बोल्टांना टिश्यू गुंडाळा आणि पाच-सहा वेळा फ्लश करा. कागदावर डाग उमटला तर त्या बाजूचा बोल्ट किंचित आवळा. बटणाच्या दांड्यांची लांबी अशी ठेवा की झाकण बसल्यावर बटण आणि दांडी यांत दोन-तीन मिलीमीटर मोकळी जागा राहील. दांडी लांब राहिली तर झाकणच व्हॉल्व्हला कायम थोडं दाबून ठेवतं, आणि नवा व्हॉल्व्ह पहिल्या दिवसापासून गळतो. नवीन बसवलेल्या फ्लशच्या तक्रारी बऱ्याचदा इथूनच सुरू होतात. शेवटी पेन्सिलीची चाचणी पुन्हा करा.

भिंतीवर टांगलेली प्लास्टिकची टाकी असेल तर काम हलकं आहे. टाकी हलकी, नट हाताने सुटतो, बाकी रीत तीच. काही फ्लॅटमध्ये टाकीच नसते, भिंतीत बसवलेला दाबायचा फ्लश कॉक असतो. त्यात पाण्याचा दाब मोठा असतो. गच्चीवरून येणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय त्याला हात लावू नका, आणि तो कुठे आहे हे ठाऊक नसेल तर सरळ प्लंबरला बोलवा. त्यात कमीपणा नाही.

अँगल कॉक मात्र दर दोन-तीन महिन्यांनी एकदा पूर्ण बंद करून उघडत जा. आमच्या पाण्याने तो जाम होतो आणि नेमका गरजेच्या वेळी फिरत नाही. आणि झाकण लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख लिहून ठेवा. माझ्या झाकणाच्या आत दोन तारखा आहेत, त्यांच्यात साडेतीन वर्षांचं अंतर आहे.