खरें सेंद्रिय खत कसें पारखावें

आपल्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थी शेतकऱ्यांच्या घरचे आहेत. खताचा पैसा पेरणीपूर्वींच जातो. फसगत मात्र पीक हातीं येतांना कळते. म्हणून सेंद्रिय खताच्या पारखेविषयीं आम्ही येथें थोडें लिहितों.

शेण, पालापाचोळा, काडीकचरा हे पदार्थ सूक्ष्म जंतूंच्या योगानें पूर्णपणें कुजले म्हणजे सेंद्रिय खत तयार होतें. हवा व ओलावा यांचा मेळ राखून कचऱ्याचें उत्तम खत करतां येतें, हें सर आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं इंदूर येथील प्रयोगांवरून १९३१ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें. कुजणें अपुरें राहिलें किंवा मालांत माती मिसळली, कीं खत नांवाचेंच उरतें.

पहिली परीक्षा डोळ्यांची व नाकाची. चांगलें गांडूळखत गर्द तपकिरी किंवा काळें व भुसभुशीत असतें. त्याचा वास पहिल्या पावसानें भिजलेल्या मातीसारखा येतो. दुर्गंधि येत असेल, किंवा ढिगांत हात घातला असतां ऊब लागत असेल, तर तें कच्चें समजावें. काडीकचऱ्याचें कच्चें खत शेतांत घातल्यास तें कुजवितांना जंतु जमिनींतील नत्र ओढून घेतात आणि रोपें पिवळीं पडतात.

दुसरी परीक्षा पाण्याची. कांचेच्या पेल्यांत पाणी घेऊन त्यांत चिमूटभर खत ढवळावें. वाळू व खडे तत्काळ तळाशीं बसतात. त्यांचा थर जाड दिसल्यास भेसळीचा संशय घ्यावा. खतांत पांढरे दाणे आढळले आणि ते ओल्या तळहातावर विरघळतांना गार लागले, तर त्यांत युरिया मिसळला असण्याचा संभव आहे.

तिसरी परीक्षा वजनाची. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानें गांडूळखतांतील ओलावा शेंकडा १५ ते २५ असा ठरविला. शेंकडा २५ ओलाव्याच्या ५० किलो गोणींत साडेबारा किलो पाणी असतें; ओलावा ४० झाला तर तें २० किलो होतें. म्हणजे साडेसात किलो पाणी आपण खताच्या भावानें विकत घेतों! मुठींत दाबतांच पाणी गळणारें खत घेऊं नये.

आतां थोडा हिशेब. त्याच आदेशानें गांडूळखतांत नत्र किमान शेंकडा १ ठरविलें. म्हणजे ५० किलोंत अर्धा किलो. युरियांत तें शेंकडा ४६ असतें. तेव्हां ‘आमची एक गोणी युरियाच्या गोणीइतकें काम करील’ असें म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवूं नये. सेंद्रिय खताचा खरा गुण जमीन भुसभुशीत करणें व तिच्यांत ओल टिकविणें हा आहे.

शक्य तर प्रथम एकच गोणी आणावी. थोडें खत मातींत मिसळून एका कुंडींत मूग पेरावे, व शेजारीं नुसत्या मातींतही पेरावे. दोहोंची उगवण ताडून पाहावी. नत्र किती आहे हें मात्र डोळ्यांना दिसत नाहीं. तें प्रयोगशाळेंतच कळतें. म्हणून गोणीवरील उत्पादकाचें नांव, घटकांचें प्रमाण व तारीख वाचावी आणि पक्की पावती घ्यावी. पावतीवांचून तक्रारीस आधार राहत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, यंदा खत घेण्यास वडिलांबरोबर तुम्हीही जा, आणि गोणीवरील प्रत्येक अक्षर वाचा. शिकलेली विद्या घरच्या शेताच्या कामीं येणें, हें तिचें सार्थकच होय.