मुळाखालचं ऋण

चि. ऋतुजास,


तुझं पत्र मिळालं. सातवीत ‘ऋण गुणिले ऋण धन’ घोटून घेतलं आणि आता अकरावीत −१ चं वर्गमूळ काढायला सांगतात, मग आधीचं खोटं होतं का, असं तू विचारलंस. खोटं नव्हतं. ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कशाचा वर्गच नसते, असं भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणितात’ स्पष्ट सांगितलं आहे. त्यांच्यासमोर ज्या संख्या होत्या, त्यांच्यापुरतं ते आजही पूर्ण खरं आहे.

बहुतेक पुस्तकं हा धडा क्ष² + १ = ० पासून सुरू करतात. मला ही सुरुवात मुळीच पटत नाही. त्या समीकरणाला उत्तर नाही म्हणून कुणाचंच काही अडलं नव्हतं. ‘उत्तर नाही’ म्हणून लोक पुढे जात होते. अडलं ते सोळाव्या शतकातल्या इटलीत, आणि तेही ज्याला चांगलं सरळ उत्तर आहे अशा समीकरणापाशी.

क्ष³ = १५क्ष + ४. क्षच्या जागी ४ घालून बघ: ६४ = ६० + ४. बाकीची दोन उत्तरंही ऋण असली तरी वास्तवच आहेत. आता कार्दानोने १५४५ मध्ये ‘आर्स माग्ना’त छापलेली रीत लाव. शेवटच्या संख्येच्या निम्म्याचा वर्ग घ्यायचा, त्यातून क्षच्या सहगुणकाच्या तिसऱ्या भागाचा घन वजा करायचा आणि उरेल त्याचं वर्गमूळ काढायचं. इथे ४ वजा १२५, म्हणजे −१२१. उत्तराचं रूप होतं: (२ + √−१२१) चं घनमूळ अधिक (२ − √−१२१) चं घनमूळ. समोर ४ दिसतो आहे आणि रीत मात्र मुळाखाली ऋण आणून ठेवते!

बोलोन्याचा राफाएल बोंबेली हा दलदलीच्या जमिनी कोरड्या करण्याची कामं करणारा इंजिनिअर. इथे तो थांबला नाही. √−१ चा वर्ग −१ धरायचा, बाकी सगळे नियम नेहमीचेच, एवढं ठरवून त्याने आकडेमोड पुढे नेली. १५७२ मध्ये छापलेल्या त्याच्या ग्रंथात ती आहे. तूही वही घे. (२ + √−१) चा वर्ग कर: ४ + ४√−१ − १, म्हणजे ३ + ४√−१. त्याला पुन्हा (२ + √−१) ने गुण: ६ + ३√−१ + ८√−१ − ४. आलं २ + ११√−१, आणि ११√−१ म्हणजेच √−१२१. म्हणून पहिलं घनमूळ २ + √−१, दुसरं २ − √−१. बेरीज ४.

हे वाचून सोडू नकोस, स्वतःच्या हाताने कर. ‘अशी संख्या असते का’ यावर मैत्रिणींशी वाद घालण्याआधी कर. ही संख्या लोकांनी मानली ती तिच्यातून गेल्यावर खरं उत्तर हाती आलं म्हणून.

मात्र ‘नेहमीचे नियम’ म्हणताना एका जागी जप. √−४ × √−९ हे √३६ करून ६ लिहिशील तर चुकेल. आधी २√−१ आणि ३√−१ असं लिही, मग गुण: −६. मुळं एकत्र करायचा नियम दोन्ही संख्या ऋण असताना चालत नाही. प्रत्येक नियम शिकताना तो कुठपर्यंत चालतो हे शेजारी लिहून ठेवायची सवय लाव.

पुढे वेसेल आणि आर्गां यांनी या संख्यांना कागदावर जागा दिली. −१ ने गुणलं की संख्या शून्याभोवती अर्धा फेरा फिरते. √−१ ने गुणलं की पाव फेरा. दोनदा पाव फेरा म्हणजे अर्धा. आलेख काढशील तेव्हा हे लगेच दिसेल.

आता तुझ्यासाठी एक: क्ष³ = ७क्ष + ६. उत्तरं ३, −१ आणि −२, तिन्ही पूर्णांक. तरीही कार्दानोची रीत लावलीस की मुळाखाली −१००/२७ येईल. ३ + √(−१००/२७) चं घनमूळ चटकन सुचणार नाही. पण दोन्ही घनमुळांची बेरीज ३ व्हायला हवी, म्हणजे प्रत्येकातला वास्तव भाग दीड. तिथून मागे जा. अडलीस तर पानाचा फोटो पाठव, खाडाखोड न पुसता.

तुझी,
आत्या